रिकाम्या गाडीची पकड

— द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरी एक पिकअप गाडी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच, पण कर्ज काढून घेतली. फुलंब्रीकडच्या शेतांतून अद्रक, कोबी, टोमॅटो भरायचे आणि पहाटे जाधववाडीच्या बाजारात पोचवायचे, हा आमचा धंदा. माझी कॉलेजची फीसुद्धा याच गाडीच्या भाड्यातून भरली जाते. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वार्षिकासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा कविता करून पाहिली, ती जमली नाही. म्हणून जे रोज डोळ्यांसमोर आहे त्यावरच लिहितो.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. माल भरलेली गाडी ओल्या रस्त्यावरून शांतपणे निघते. पण तीच गाडी रिकामी असली आणि जरा घाई केली, की मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. वास्तविक ओझे कमी तर गाडी सहज निघायला हवी. मग उलटे का घडते?

गंमत अशी की, हाच प्रश्न जगभरच्या शर्यतवाल्यांनाही छळतो. ‘ड्रॅग रेस’ नावाचा शर्यतीचा एक प्रकार आहे. सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, जो आधी पार करील तो जिंकला. अमेरिकेत या शर्यतींची संघटना 1951 मध्ये स्थापन झाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती भरलेल्या आहेत. या खेळात पहिल्या 60 फुटांचा वेळ वेगळा मोजतात, कारण सुरुवातीला गेलेला क्षण पुढे सहसा भरून निघत नाही. आणि मागची चाके फिरवणारी, पाठीमागे हलकी अशी पिकअप शर्यतीत उतरवली, तर तिची खरी परीक्षा या 60 फुटांतच होते.

याचे उत्तर शेतकऱ्याच्या पोराला लवकर समजते. वखर मातीत नीट धरत नसेल तर आपण त्यावर दगड ठेवतो, नाहीतर एखाद्या पोराला बसवतो. मी लहानपणी असा पुष्कळदा बसलो आहे. वजन पडले की वखर जमीन धरतो. चाकाचेही काहीसे तसेच आहे. टायर रस्त्याला किती जोराने मागे रेटू शकेल हे दोन गोष्टींवर ठरते : त्या चाकावर किती वजन आहे आणि रबर व रस्ता यांच्यात घर्षण किती आहे.

थोडा हिशेब करू. आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत. रिकामी पिकअप 1700 किलोची धरा. इंजिन आणि केबिन पुढे असल्यामुळे मागच्या चाकांवर त्यातले 680 किलोच येतात. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.7 धरला, तर मागची चाके फार तर 476 किलोचा रेटा पेलू शकतात. ओल्या रस्त्यावर 0.4 धरला, तर फक्त 272 किलोचा. आणि पहिल्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली तर इंजिनाचा जोर चाकापाशी 900 किलोच्याही पुढे जाऊ शकतो. जितके पेलते त्याच्या दुप्पट मागितले, तर चाक फिरणारच. आता हौद्यात माल भरून मागच्या चाकांवर 1300 किलो वाढले असे समजा. कोरड्या रस्त्यावर पकड एकदम 1400 किलोच्या जवळ जाते. गाडी जड झाली, पण तिचे पायही जमिनीत रोवले गेले.

यात निसर्ग थोडी मदतही करतो. कंडक्टरने घंटी मारली आणि एसटी सुटली की उभे असलेले आपण मागे कलंडतो. गाडी सुटतानाही तसेच होते. पुढचे वजन मागच्या चाकांकडे सरकते. वरच्या उदाहरणातील गाडी सेकंदाला 3 मीटरच्या दराने वेग घेऊ लागली, तर सुमारे 120 किलो मागे येतात. मात्र हे वजन मागे येऊन पाट्यांवर बसायला क्षणभर लागतो. क्लच झटकन सोडला तर वजन येण्याआधीच चाक सुटते. शिवाय एकदा चाक मोकळे फिरू लागले की पकड आणखी कमी होते. टायरची पकड सर्वांत जास्त असते ती तो किंचित, म्हणजे साधारण दहा ते वीस टक्के, घसरत असताना. त्यापुढे निघतो तो नुसता धूर आणि आवाज.

मग शर्यतवाले काय करतात? पहिला उपाय टायरचा. मऊ रबराचे टायर लावतात आणि मागच्या टायरमधली हवा थोडी कमी करतात, म्हणजे रबर रस्त्यावर जास्त पसरते. सुटण्याआधी चाके जागेवर फिरवून टायर तापवतात. हे शर्यतीच्या टायरला मानवते. साधा टायर फार तापला तर उलट गुळगुळीत होतो. त्याला चिकटलेली माती झटकण्यापुरते फिरवणे पुरे. आणि माल भरलेल्या गाडीची हवा मात्र चुकूनही कमी ठेवू नये. टायर तापून फुटतो.

दुसरा उपाय पाट्यांचा. जोराचा झटका बसला की मागचा आस स्वतःच पिळवटतो, पाटे नागमोडी वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि चाक उड्या मारू लागते. म्हणून आसापासून चासीपर्यंत एक मजबूत दांडी बसवतात. तिसरा उपाय डिफरन्शियलचा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले की दुसरेही हतबल होते. घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. शर्यतीच्या गाडीत हे घसरणे रोखणारी रचना बसवतात. चौथा उपाय वजनाचा. मागच्या आसावर वाळूची पोती घट्ट बांधून ठेवली तर सुरुवात सुधारते. पण तेच वजन पुढे 402 मीटर ओढत न्यावे लागते. त्यामुळे यात फायद्या-तोट्याचा मेळ घालावा लागतो.

पाचवा उपाय पायाचा. याला पैसा लागत नाही. क्लच हळू सोडणे, रेस बेताने वाढवणे, जमीन निसरडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे. गाडी चिखलात रुतली की अण्णा एवढेच म्हणतात, “रेस कमी कर, पोरा. गाडीवर ओरडून ती निघत नसते.” घर्षणांक हा शब्द त्यांना माहीत नाही, पण हिशेब त्यांच्या पायात आहे.

एक गोष्ट मात्र मला पायाने नव्हे, भीतीने कळली. गेल्या श्रावणात बाजारातून रिकामी गाडी घेऊन मी एकटा परतत होतो. रस्त्याच्या कामामुळे गाड्या अडवल्या होत्या. शेजारी माझ्याच वयाच्या मुलाची पिकअप उभी राहिली. एकमेकांकडे पाहून हसलो आणि रस्ता मोकळा होताच दोघांनीही पाय दाबला. पावसाची नुकतीच सुरू झालेली भुरभुर होती. अशा वेळी तेल आणि धूळ भिजून रस्ता सर्वांत निसरडा झालेला असतो. चाके फिरली, आणि गाडीचा मागचा भाग एकदम बाजूला गेला. कारण टायरची सगळी पकड पुढे ढकलण्यात उधळली की गाडीला सरळ धरून ठेवायला काही उरत नाही. रस्त्याच्या कडेला चाऱ्याचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी उभी होती. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती काही बोलली नाही; भारा सावरून चालू लागली. माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण त्या दिवशी मला कायदा आठवला नव्हता, आणि आजही आधी आठवते ती म्हातारीच. धावपट्टीवर चाक फिरले तर शर्यत जाते. रस्त्यावर फिरले तर काय जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

ही हकिगत मी अण्णांना अजून सांगितलेली नाही. त्यांना वाचता येत नाही. अंक हातात आला की हा लेख मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, आणि शेवटचा भाग गाळणार नाही.