ॲनिमेटेड सुपरहिरो मालिका आणि चाहत्यांचा प्रतिसाद : ‘छोटा भीम’च्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

दूरचित्रवाणीवरील ॲनिमेटेड सुपरहिरो मालिकांना मिळणाऱ्या प्रतिसादाचा विचार बहुधा अनुकरणाचा धोका आणि बाजारपेठेचा विस्तार या दोनच अंगांनी केला जातो. प्रस्तुत लेखात ‘छोटा भीम’ या मालिकेच्या आधारे तिसऱ्या अंगाकडे लक्ष वेधले आहे. चाहता हा कथेचा अर्थ लावणारा आणि कथेकडे न्याय मागणारा वाचकच असतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील रहाटणीसारख्या बहुभाषिक उपनगराच्या संदर्भात या प्रतिसादातील भाषेचा प्रश्नही तपासला आहे.

बीजसंज्ञा : ॲनिमेशन, सुपरहिरो, बालप्रेक्षक, चाहते, अनुकरण, मातृभाषा

प्रस्तावना

कोणत्याही समाजाला आपले वीर लागतात. त्या वीरांच्या कथा कधी आजीच्या तोंडून, कधी कीर्तनातून, कधी पोवाड्यातून, तर कधी छापील पुस्तकातून मुलांपर्यंत पोहोचत आल्या आहेत. गेल्या तीन दशकांत हे काम मोठ्या प्रमाणावर दूरचित्रवाणीने आपल्याकडे घेतले. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली आणि २००४ मध्ये पोगो ही वाहिनी आली. त्यानंतर दिवसभर केवळ मुलांसाठी चालणारे प्रसारण ही शहरी घरांतील नित्याची बाब बनली.

या विषयाकडे महाविद्यालयीन अध्यापकांनी लक्ष का द्यावे, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात पाचसहा वर्षांची असलेली मुले आज महाविद्यालयाच्या वर्गात बसतात. रामायण-महाभारताचे, शिवचरित्राचे किंवा साने गुरुजींच्या गोष्टींचे जे सामाईक भांडार अध्यापक गृहीत धरतात, त्याच्या जोडीला या विद्यार्थ्यांजवळ दुसरेही एक सामाईक भांडार आहे. ते ढोलकपूरचे आहे. त्याची दखल न घेता या पिढीची कल्पनासृष्टी समजून घेता येणार नाही.

मराठी वाचकाची पूर्वपीठिका

सुपरहिरो ही कल्पना मराठी घरात दूरचित्रवाणीबरोबर आली, असे मानणे बरोबर नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. ती मराठीतूनही निघत असत आणि १९९० पर्यंत चालू होती. ली फॉक यांचा ‘फँटम’ तेथे ‘वेताळ’ झाला. कोकण-गोव्यात ग्रामदैवत म्हणून पुजला जाणारा आणि लोककथेत भुतांचा राजा मानला जाणारा वेताळ या नावामुळे परदेशी मुखवटाधारी नायकाच्या पाठीशी उभा राहिला. परका नायक स्वीकारताना मराठी वाचकाने त्याला आपल्या परंपरेतील नाव दिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याच काळात मराठी बालसाहित्याने स्वतःचा नायकही घडवला होता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा. त्याच्याजवळ कोणतीही अद्भुत शक्ती नाही. चपळाई, जिज्ञासा आणि धाडस हेच त्याचे सामर्थ्य. तो पुढे दूरदर्शनच्या मालिकेत आणि २०१७ मध्ये चित्रपटातही आला. परंतु ॲनिमेशनच्या माध्यमातून रोज घराघरांत पोहोचण्याचे भाग्य अशा मराठी नायकांच्या वाट्याला आले नाही. लेखाच्या उत्तरार्धात येणाऱ्या भाषेच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

‘छोटा भीम’ची रचना

राजीव चिलका यांनी हैदराबाद येथे स्थापन केलेल्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेची ‘छोटा भीम’ ही मालिका एप्रिल २००८ मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूर नावाच्या काल्पनिक राज्यात राहणारा नऊ वर्षांचा भीम हा तिचा नायक. चुटकी, राजू आणि जग्गू नावाचे माकड हे त्याचे सोबती, तर कालिया आणि ढोलू-भोलू हे प्रतिस्पर्धी. राजा इंद्रवर्मा, राजकन्या इंदुमती आणि लाडू करणाऱ्या टुनटुन मावशी यांच्याभोवती गावाचे जीवन फिरते.

हा भीम महाभारतातील पांडव नव्हे, तरी त्याचे नाव, भूक आणि बळ ही त्या भीमाकडूनच आलेली आहेत. लाडू खाल्ल्यावर त्याला अधिक बळ येते. अमेरिकी सुपरहिरो बहुधा महानगरात एकटा असतो, आपली ओळख लपवतो आणि दुहेरी आयुष्य जगतो. भीमाला लपवण्यासारखे काही नाही. त्याचे बळ गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे आणि संकट येताच राजासुद्धा त्यालाच बोलावतो. लहान मुलाला मोठ्यांच्या जगात क्वचितच मिळणारी ही प्रतिष्ठा आहे. मालिकेच्या लोकप्रियतेचे मर्म बऱ्याच अंशी येथे सापडते.

ही लोकप्रियता लवकरच पडद्याबाहेर आली. दप्तर, पाण्याची बाटली, राखी आणि वाढदिवसाचा केक यांवर भीम दिसू लागला. २०१२ मध्ये त्याचा चित्रपट आला. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘मायटी लिटल भीम’ ही जवळजवळ संवादविरहित मालिका सुरू झाली. तिच्यात भीम रांगणारे बाळ आहे. शब्दच नसल्याने तिला भाषेची अडचण राहिली नाही आणि ती भारताबाहेरही मोठ्या प्रमाणावर पाहिली गेली.

अनुकरणाची चिंता

मुलांच्या प्रतिसादाबद्दल मोठ्यांना वाटणारी पहिली भीती अनुकरणाची असते. ती निराधार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात, प्रौढ व्यक्तीला बाहुलीवर प्रहार करताना पाहिलेल्या मुलांनी तसेच वर्तन केल्याचे आढळले. १९६३ च्या प्रयोगात चित्रफितीचा आणि कार्टूनसदृश पात्राचाही वापर झाला आणि परिणाम त्याच दिशेचे आले.

भारतात ही चर्चा ‘शक्तिमान’च्या निमित्ताने तीव्र झाली. मुकेश खन्ना यांची ही मालिका १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर चालली. शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. खन्ना यांनी हा आरोप मान्य केला नाही. मात्र मालिकेतूनच मुलांना अनुकरण न करण्याविषयी समजावण्यात आले आणि भागाच्या शेवटी चांगल्या सवयी सांगणारा छोटा पाठ देण्यात येत असे. पालकांच्या नाराजीचे दुसरे उदाहरण ‘शिनचॅन’चे. ही मालिका सुपरहिरोची नसली, तरी मुले तिच्यातील उद्धटपणा उचलतात या तक्रारींनंतर २००८ मध्ये तिचे प्रसारण थांबवण्यात आले आणि ती पुढे काटछाट करून परत आली.

या दोन्ही प्रसंगांत एक समान गृहीतक आहे. मूल म्हणजे कोरी पाटी, आणि पडद्यावर जे दिसते तेच तिच्यावर उमटते. या गृहीतकात सत्याचा अंश असला, तरी ते पूर्ण सत्य नाही. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडले की प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याला विरोध करतो. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की चाहते कथेतील साहित्य उचलून त्यातून स्वतःचे अर्थ रचतात. या विचारांची प्रचीती देणारा प्रसंग भारतात २०२० मध्ये घडला.

चुटकीला न्याय

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या. त्यांत ‘शक्तिमान’ होता आणि ‘छोटा भीम’ही होता. त्याच सुमारास, भीमाने चुटकीऐवजी राजकन्या इंदुमतीशी विवाह केला, अशी समजूत समाजमाध्यमांवर पसरली. पाठोपाठ ‘चुटकीला न्याय द्या’ ही मागणी देशभर गाजली. अखेर जून २०२० च्या आरंभी ग्रीन गोल्ड संस्थेला खुलासा करावा लागला की ही पात्रे अजूनही लहान मुले आहेत आणि त्यांच्या विवाहाची वार्ता खरी नाही.

या प्रसंगाची बहुतेकांनी गंमत केली आणि मागणी करणाऱ्या पुष्कळांचा हेतूही विनोदाचाच होता. तरीही त्या विनोदामागील युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. २००८ मध्ये चार ते आठ वर्षांची असलेली मुले २०२० मध्ये सोळा ते वीस वर्षांची झाली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : चुटकी पहिल्यापासून भीमाच्या सोबत राहिली, तिने आईच्या नजरेआड त्याला लाडू दिले, संकटात ती मागे हटली नाही. असे असताना केवळ राजघराण्यातील, गोऱ्या आणि श्रीमंत मुलीची निवड का व्हावी?

हा आक्षेप वर्ग, वर्ण आणि श्रमाचे मोल यांविषयीचा आहे. स्त्रीच्या नित्याच्या, न दिसणाऱ्या कष्टांची परतफेड होत नाही, हे समाजशास्त्राच्या वर्गात शिकवले जाणारे तत्त्व तरुणांनी कार्टूनच्या भाषेत मांडले होते. त्याचबरोबर या युक्तिवादाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. सेवेचे फळ म्हणजे विवाह, हे जुनेच समीकरण त्यात गृहीत धरलेले आहे. चुटकीला स्वतःला काय हवे, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. विशेष म्हणजे, ज्या विवाहावर वाद झाला तो मालिकेच्या कर्त्यांनी मान्यच केला नाही. चाहत्यांनी एका अफवेशी वाद घातला, परंतु त्यातून प्रकट झालेली न्यायाची कल्पना मात्र खरी होती.

चाहत्यांच्या प्रतिसादाने कथेवर परिणाम होणे ही जागतिक बाब आहे. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’साठी निर्माण केलेले हार्ली क्विन हे पात्र इतके आवडले की ते पुढे मूळ कॉमिक्समध्ये समाविष्ट झाले. याउलट ‘टीन टायटन्स’ या गंभीर बाजाच्या मालिकेनंतर २०१३ मध्ये विनोदी ‘टीन टायटन्स गो!’ आली, तेव्हा जुन्या चाहत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, तर नव्या लहान प्रेक्षकांनी तिला उचलून धरले. एकच नायक दोन पिढ्यांचा असला की त्याच्या मालकीवरून वाद होतोच.

रहाटणी आणि भाषेचा प्रश्न

पवना नदीच्या परिसरातील रहाटणी हे एकेकाळचे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा दाट वस्तीचा भाग आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर औद्योगिक वसाहत, वाहन कारखाने, पुढे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान क्षेत्र आणि चाकणचे कारखाने यांमुळे या पट्ट्यात मराठवाडा, खानदेश, विदर्भ तसेच उत्तर भारत व कर्नाटकातूनही कुटुंबे आली. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या आईवडिलांच्या घरी दुपारी मूल आणि दूरचित्रवाणी संच यांचीच सोबत असणे हे येथे नवलाचे नाही. एकाच इमारतीत राहणाऱ्या, परंतु घरी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांना खेळण्यासाठी सामाईक भाषा लागते. ती त्यांना कार्टूनने दिली आणि ती मुख्यतः हिंदी होती.

याचे दोन परिणाम संभवतात आणि दोन्ही खरे आहेत. परभणीहून आलेले आणि पाटण्याहून आलेले मूल एकाच अंगणात भीम आणि कालिया होऊ शकले, हा लाभ होय. परगावच्या मुलाला नव्या वस्तीत सामावून घेण्याचे जे काम शाळेला अवघड जाते, ते या खेळाने सहज केले. दुसरीकडे, शौर्य, संकट, डावपेच आणि विजय यांची शब्दसंपत्ती मराठी घरातील मुलाकडेही हिंदीतूनच आली. मराठी ही जेवण्याची, अभ्यासाची आणि रागावण्याची भाषा राहिली, पराक्रमाच्या खेळाची भाषा राहिली नाही. भाषेचे नुकसान केवळ शब्द विसरल्याने होत नाही. कल्पना करताना ती भाषा आठवेनाशी झाली की तिची हानी सुरू होते.

याला छेद देणाऱ्या गोष्टीही आहेत. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. त्यावर शिवाजी महाराज आणि मावळे मांडले जातात आणि अधूनमधून त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचा भीम किंवा स्पायडरमॅनही उभा राहतो. वेताळाच्या बाबतीत जे घडले, तेच येथे मुले आपल्या परीने करतात. २०२३ मध्ये ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा ॲनिमेशनपट भारतात इंग्रजीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठीही होती. त्यातील पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या नगरात राहतो. सुपरहिरो मराठीत बोलू शकतो, एवढे त्यातून निश्चितच सिद्ध झाले.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, अनुकरणाची चिंता योग्य असली, तरी ती चाहत्यांच्या प्रतिसादाचा एक भाग आहे, संपूर्ण प्रतिसाद नव्हे. दुसरी, लहानपणी पाहिलेल्या मालिकेकडे तरुण प्रेक्षक पुन्हा वळतो तेव्हा तो तिची नैतिक तपासणी करतो, हे चुटकीच्या प्रसंगावरून दिसते. तिसरी, बहुभाषिक औद्योगिक वस्तीत अशा मालिका मुलांना जोडतात, पण त्याच वेळी मातृभाषेच्या कल्पनाक्षेत्रावर मर्यादा आणतात.

अध्यापकांसाठी यातून एक व्यवहार्य दिशा मिळते. ‘चुटकीवर अन्याय झाला का?’ या प्रश्नावर मराठीच्या, समाजशास्त्राच्या किंवा स्त्री-अभ्यासाच्या वर्गात चर्चा घडवता येईल. विद्यार्थ्याला त्याच्या परिचयाच्या कथेपासून श्रम, वर्ग आणि न्याय या संकल्पनांकडे नेता येईल, तेही त्याच्या स्वतःच्या भाषेत. फास्टर फेणेसारखा नायक नव्या माध्यमात मराठी बोलू लागेल की नाही, हे निर्मात्यांच्या हाती आहे. ढोलकपूरविषयी मराठीतून विचार करण्याची सवय लावणे मात्र वर्गातच शक्य आहे.