सर्पगंधेची नोंद आणि आपले इतिवृत्त

सर्पगंधा घनवटी हे आपल्या चिकित्सालयांतील व औषधालयांतील नित्य परिचयाचे औषध. ही मुळी आधुनिक चिकित्सेत पोहोचली याचे श्रेय आपण परंपरेला देतो. ते योग्यच आहे. परंतु परंपरा तर शेकडो वनस्पतींच्या पाठीशी होती. सर्पगंधेला आणखी एक आधार लाभला, तो विद्वत्संस्थांचा व त्यांच्या नियतकालिकांचा.

इंडियन केमिकल सोसायटी १९२४ साली कोलकात्यात स्थापन झाली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय तिचे पहिले अध्यक्ष. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून वेगळी केलेली अल्कलॉइडे १९३१ मध्ये याच संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील या मुळीचा अनुभव ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये मांडला. रसायनज्ञ आणि वैद्य या दोघांचीही साक्ष अशी एकाच वर्षी लेखी झाली.

पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. स्फटिकरूप अल्कलॉइडे हाती होती. पण शामक गुण दडला होता तो मागे उरणाऱ्या राळेसारख्या अंशात! बासेल येथील सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर व बाइन यांनी त्यातूनच रेसर्पीन वेगळे केल्याचे १९५२ मध्ये जाहीर केले. पुढे रेसर्पीनने काही रुग्णांना विषण्णता येते, अशा नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांतच आल्या व त्याचा वापर ओसरला. गुणाप्रमाणे दोषही छापला जाणे, हे मला विशेष मोलाचे वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभेत धडगावकडील एका वयोवृद्ध जाणकारांनी काविळीवरील एका मुळीविषयी अर्धा तास सांगितले. ती केव्हा खणावी, कशात उगाळावी, कोणत्या रुग्णाला देऊ नये, हे सारे. नंतर शाल-श्रीफळ झाले, चहापान झाले. इतिवृत्तात सत्काराची नोंद आहे. मुळीचे नाव नाही. ते इतिवृत्त मीच लिहिले होते. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

म्हणून एक सूचना. या त्रैमासिकाची दोन पाने केवळ रुग्णानुभवांसाठी राखावीत. वनस्पतीचे स्थानिक नाव, वापरलेले अंग, संकलनाचा ऋतू, मात्रा, रुग्णाचे वय आणि परिणाम एवढेच लिहावे. गुण आला नाही तर तेही लिहावे. माहिती देणाऱ्या भिल्ल वा पावरा जाणकाराचे नाव त्याच्या संमतीने द्यावे. औषधालयांच्या मालकांनी खरेदी केलेल्या प्रत्येक मुळीचा नमुना, स्थळ व दिनांकासह, बरणीत जपून ठेवावा. वनस्पतीच्या ओळखीविषयी वाद उद्भवला तर तोच उपयोगी पडेल.

पहिले टिपण मी संपादकांकडे पाठवीत आहे. काविळीच्या त्या मुळीविषयी जेवढे आठवते तेवढेच त्यात आहे; मात्रेची जागा रिकामी ठेवली आहे. त्या सभेला उपस्थित असलेल्या कोणास ती स्मरत असल्यास कृपया कळवावे.