दुसरं पिस्तूल कशाला?

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे कारखाने, गोदामं, ट्रक आहेत किंवा ज्यांच्या, भूसंपादनाच्या मोबदल्यात सिडकोकडून मिळालेल्या, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर आता इमारत उभी राहतेय, त्यांच्या बोलण्यात शस्त्र परवान्याचा विषय हमखास निघतो. खंडणीच्या फोनची धास्ती असते, जवळ रोकड असते, रात्री उशिरा एमआयडीसीच्या सुनसान रस्त्यांवरून घर गाठायचं असतं. थोडा रुबाबही असतो, पण तो कुणी बोलून दाखवत नाही. अमेरिकी व्हिडिओ पाहून आता त्यात एक नवी टूम आली आहे: एक हत्यार पुरत नाही, ऐन वेळी अडकलं तर दुसरं छोटं जवळ पाहिजे. 'बॅकअप' म्हणतात त्याला. या बॅकअपच्या आजूबाजूला इतके गैरसमज गोळा झालेत की मुळापासूनच सुरुवात केलेली बरी.

पहिला गैरसमज असा की स्वसंरक्षण हा हक्क आहे, म्हणून पिस्तूल हाही हक्क. स्वतःचा, दुसऱ्याचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, यात वाद नाही. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण हत्यार बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत कुठेच नाही. अमेरिकेत तो आहे, आपल्याकडे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये बेकायदा शस्त्रांच्या एका प्रकरणात पुन्हा बजावलं. आपल्याकडे १९५९चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्याखाली सरकार परवाना देतं, थांबवतं, काढूनही घेतं.

याच कायद्यातली एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. वीस इंचांपेक्षा कमी नाही अशा नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी हवी असेल, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची हवी असेल, तर कायद्याची भाषा तुलनेने सैल आहे. रायगडात डुकरांपासून भात राखणाऱ्या शेतकऱ्याचा त्यात विचार आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरसाठी मात्र 'सबळ कारण' दाखवावं लागतं आणि ते परवाना अधिकाऱ्याला पटावं लागतं. म्हणजे कमरेला लपवता येईल अशा हत्याराकडे कायदा पहिल्यापासून जास्त संशयाने बघतो. बॅकअप म्हणून जे मिरवलं जातं ते नेमकं याच जातीचं.

"कायदाच दोन हत्यारं देतो की!" हे वाक्य अर्धं खरं आहे. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली आणि तिसरी एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगितलं गेलं. आजोबांची, वारसाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. पण दोन ही वरची हद्द आहे, कोटा नाही. दुसऱ्या हत्याराची नोंद परवान्यावर करून घ्यायची तर कारण पुन्हा सांगावं लागतं, आणि पहिलं बिघडलं तर काय, हे कारण ऐकून समोरचा अधिकारी एवढंच म्हणेल की पहिलं दुरुस्त करा.

शिवाय नागरिकाला मिळतं ते .३२ बोअरचं. पडद्यावर दिसणारं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेही .३२चंच, आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. एवढं महाग हत्यार कुणाच्या पर्समध्ये राहणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या हत्याराची पद्धत आली अमेरिकी पोलिसांकडून. त्यांच्याकडे सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर असायची. चकमक चालू असताना सिलिंडर उघडून टरफलं काढायची, नवी काडतुसं भरायची, यात जीव जायचा. त्यापेक्षा पायाला बांधलेलं दुसरं उपसणं जलद. त्या पोलिसाला गोळीबाराच्या दिशेने जावं लागतं, ते त्याचं कामच आहे. गोदामाच्या मालकाचं काम तिथून जिवंत निसटण्याचं आहे. दोघांची गरज एक कशी असेल?

आणि हत्यार अडकण्याचं म्हणाल तर तेही नीट पाहू. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा घोडा ओढायचा. सिलिंडर फिरतो आणि पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तूल अडकलं तर मॅगझिनच्या तळाला तळव्याने जोरात थाप मारायची, वरची स्लाइड मागे खेचून सोडायची आणि पुन्हा नेम धरायचा. सराव असलेल्याला याला एखाद-दोन सेकंद लागतात. सराव नसलेल्याला दुसरं पिस्तूल कमरेतून काढायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, कारण घाबरल्यावर बोटं ऐकत नाहीत. बहुतेक हत्यारं अडकतात ती जुन्या, दमट जागी पडून राहिलेल्या काडतुसांमुळे आणि न पुसलेल्या नळीमुळे. कोकणातल्या पावसाळ्यात हे वेगळं सांगायला नको. पहिल्या हत्याराला तेल नसेल तर दुसऱ्याला ते कोण देणार आहे?

सराव तरी करायचा कुठे? पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांनी उभा केलेला लक्ष्य शूटिंग क्लब नावाजलेला आहे, पण तिथे घडतात ते दहा मीटरवर एअर रायफल चालवणारे खेळाडू. श्वास रोखून, वेळ घेऊन, कागदावर नेम धरायचा हा खेळ आहे. अंधारात अंगावर येणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध नाही. वर्षाला किती काडतुसं घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. त्यामुळे कित्येक परवानाधारकांनी स्वतःच्या पिस्तुलातून फारशा गोळ्याच झाडलेल्या नसतात.

त्यातही, ज्या हल्ल्यांच्या भीतीने हत्यार घेतलं जातं ते हल्ले होतात कसे, हे पाहिलं पाहिजे. १५ मार्च २०२३ रोजी नेरुळमध्ये सावजी मंजेरी या बांधकाम व्यावसायिकाला भर रस्त्यात गाडीतच गोळ्या घातल्या गेल्या. १२ ऑक्टोबर २०२४ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होतं. सुपारी घेतलेला माणूस समोर येऊन आव्हान देत नाही. तो पाळत ठेवतो, वेळ निवडतो आणि काही सेकंदांत निघून जातो. अशा वेळी तुमच्याकडे एक हत्यार होतं की दोन, हा प्रश्न पंचनाम्यापुरता उरतो.

"रात्री घरात चोर घुसला तर गोळी घाला, केस होत नाही" हा सगळ्यांत धोकादायक गैरसमज. न्याय संहितेच्या ४१व्या कलमात मालमत्तेच्या बचावासाठी मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क पोहोचतो अशी प्रकरणं दिली आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि ज्या चोरीत जिवाची किंवा गंभीर इजेची भीती वाटावी अशी परिस्थिती असेल ती. याला ३७व्या कलमाची वेसण आहे: गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. एमआयडीसीत कंपनीच्या आवारातून तांब्याची केबल किंवा भंगार उचलून कुंपणावरून पळणाऱ्या पोराला पाठीत गोळी घातली, तर ती कुठल्याच चौकटीत बसत नाही.

आणि केस होतेच. गुन्हा नोंदवला जातो, हत्यार जप्त होतं, तपासणीला जातं, मालकाचा जबाब होतो. स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. ती सरकारी पक्षाइतक्या कडक निकषाने सिद्ध करावी लागत नाही, एवढाच दिलासा. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या दर्शनसिंग निकालात या हक्काबद्दल बरंच उदार मत मांडलं आहे. जीव धोक्यात असलेल्या माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून वार करावा अशी अपेक्षा न्यायालयं ठेवत नाहीत. पण ते उदार मत ऐकायला मिळेपर्यंत वर्षं जातात. त्यातली काही तळोजा कारागृहातही जाऊ शकतात. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी गोळीबार केल्याचा आरोप आहे. मुलाला मारहाण होत होती म्हणून गोळ्या झाडल्या, असं त्यांचं त्या वेळचं म्हणणं होतं. खरंखोटं न्यायालय ठरवेल, पण त्यानंतर त्यांचा मुक्काम तळोजा कारागृहात होता.

परवान्याच्या हत्याराने आजवर कुणाला मारलं, याची यादी केली की चोर-दरोडेखोर शोधावे लागतात. २२ एप्रिल २००६ला वरळीच्या घरात प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, परवान्याच्या .३२ पिस्तुलातून. १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली ती स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून. ते कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं सांगितलं गेलं. जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये हातोडीखालचं घर रिकामं ठेवण्याची पद्धत आहे ती याचसाठी: हत्यार पडून हातोडीला धक्का बसला तरी खाली काडतूस नसावं. फेब्रुवारी २०२४मध्ये बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या करून मॉरिस नोऱ्होनाने स्वतःलाही संपवलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. ज्याचं नाव परवान्यावर नाही त्याच्या हाती हत्यार गेलं की काय होतं, ते सगळ्या महाराष्ट्राने थेट प्रक्षेपणात पाहिलं.

सगळ्यांत कमी बोललं जातं ते आत्महत्येबद्दल. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. छोटी बंदूक बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट, स्त्रियांमध्ये पस्तीसपट निघालं. धंद्यात खोट आलेला, कर्जाने बेजार झालेला माणूस तळोज्यातही असतो, आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असते. कपाटात दुसरं पिस्तूल ठेवणाऱ्याने चोराआधी घरातल्या माणसांचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचे गैरसमज पटकन उरकतो. तळोज्याचा परवाना अलिबागहून, जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळत नाही. तळोजा पोलीस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयात येतं, म्हणून अर्ज बेलापूरला पोलीस आयुक्तांकडे. मोठं उत्पन्न दाखवलं की परवाना मिळतो, हेही चूक. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असं कायदाच म्हणतो. नाकारला तर अपील करता येतं. बाहेरच्या राज्यातून परवाना 'करून आणण्याचा' सल्ला देणारे दलाल भेटतील. जम्मू-काश्मीरमधल्या अशा २ लाख ७८ हजार परवान्यांचा तपास सीबीआयकडे गेला. देशात २०१६च्या अखेरीस एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजारांवर परवाने होते, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार, तेव्हा इथे सगळ्यांकडेच असतं असंही नाही. गावठी कट्ट्याबद्दल काय बोलायचं? विनापरवाना हत्यार सापडलं तर २०१९पासून किमान दोन वर्षं, कमाल पाच.

परवाना आहे म्हणून कुठेही न्यायचं, असंही नसतं. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं, ते काढून दाखवायचं नाही. हळदीच्या रात्री डीजेपुढे हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना जाण्याची वेळ येते ती वेगळीच. निवडणुका आल्या की पोलीस हत्यारं जमा करायला सांगतात. बॅकअपवाल्याला दोन पावत्या सांभाळाव्या लागतात.

धमकीचा फोन खरंच आला असेल तर नंबर, वेळ आणि बोलणं लिहून ठेवावं, फोनमधली नोंद पुसू नये आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पुढे परवान्याचा अर्ज केलाच तर जिवाला धोका असल्याचा हाच पहिला पुरावा ठरतो. अंगावर वेळ आलीच तर ११२. आणि ज्यांच्या परवान्यावर आधीच दोन हत्यारं आहेत, त्यांतलं एक कपाटात धूळ खातंय, त्यांनी ते परवानाधारक विक्रेत्याला विकावं किंवा जमा करावं आणि आयुक्तालयातून परवान्यावरची नोंद कमी करून घ्यावी. पावती जपून ठेवावी. नूतनीकरणाच्या वेळी ती मागतात.