हायड्रोजन परदेशी जाणार, पण कोणत्या रूपात?

हरित हायड्रोजनच्या निर्यातीची चर्चा हल्ली वर्तमानपत्रांतून वारंवार वाचायला मिळते. दुकानात बसल्या बसल्या गिऱ्हाइके आम्हालाही विचारतात की हा कोणता माल? आम्ही रोहण्याचे कापडवाले. पण माल कसा होतो, कशात भरतात आणि घेणारा कोण, हे प्रश्न कोणत्याही मालाला लावता येतात.

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे होतात. ती वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर हायड्रोजन हरित म्हणायचा. सुती कापड पांढरे करायला जो पेरॉक्साइड लागतो तोही हायड्रोजनपासूनच होतो, तेव्हा हा माल आमच्या धंद्याला अगदीच परका नाही. एका किलोला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. युनिट ४ रुपयांनी धरले तरी २०० रुपये नुसत्या विजेचेच झाले! भाव उतरायचा तर वीज स्वस्त झाली पाहिजे.

भरायची अडचण त्याहून मोठी. हा वायू द्रवरूप करायला उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. म्हणून हवेतील नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवून अमोनिया करतात. तो उणे ३३ अंशांलाच द्रव होतो आणि त्याची जहाजे जगात पूर्वीपासून चालतात. म्हणजे बोलायला हायड्रोजन, परंतु बंदरावरून जाणार तो बहुतांशी अमोनिया. हायड्रोजन बारीक फटीतूनही निसटतो आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. त्यामुळे तरबेज वेल्डर व फिटर यांना या कामात मागणी राहील. आमच्या कारागीर बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य आहे. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपले धोरण ठरवले.

आता घेणारा कोण? युरोप, जपानची नावे घेतली जातात. परंतु २०२५ साली हरित अमोनियाचे सरकारी लिलाव झाले ते देशातल्याच खत कारखान्यांसाठी. पहिल्याच लिलावात किलोला ५५.७५ रुपये भाव निघाला, तोही दहा वर्षांच्या कराराचा. बांधलेले गिऱ्हाईक म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

आमच्या भागातून पुलगाव–आर्वी छोटी रेल्वे धावत असे. इंग्रजांच्या काळात ती कापसासाठी टाकली होती. कापूस मुंबई बंदरातून विलायतेला जाई आणि तिकडचे कापड होऊन आमच्याच बाजारात येई. पिंजणे, कातणे, विणणे यांची मजुरी तिकडच्यांनी घेतली; इथला विणकर बसला.

आज डीएपी खतासाठी लागणारा अमोनिया आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून, मुख्यतः आखाती देशांतून आणतो. एका बंदरातून तो विकायचा आणि दुसऱ्या बंदरात तोच उतरवून घ्यायचा, हा सौदा आम्हाला तरी उमगत नाही. आधी देशातले खत कारखाने भागवावेत, उरेल ते जहाजात भरावे. आर्वी तालुक्यातला कास्तकार कापूस विकून डीएपीचे पोते नेतो, आणि खताचे देणे भागल्यावर जे उरते त्यातूनच तो आमच्याकडे कापड घेतो.