घाटात गाडीचा दम का जातो?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या गाड्या गोव्याच्या दिशेने धावू लागतात. कुणाचे कुलदैवत तिकडे, कुणाची लेक तिकडे दिलेली. डिचोली तालुक्यात शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाखात, नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन तर बारमाही. पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून परदेशी जाणाऱ्या मुलांना पोहोचवायला जाणाऱ्या गाड्यांचीही त्यात भर पडली आहे.

जाताना सगळे आनंदात असतात, कारण उतार असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तर पेडणे आणि डिचोली जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. डिचोलीकर साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढतात किंवा दोडामार्गवरून तिलारीचा घाट धरतात. पेडण्याहून निघालेले बरेच जण पत्रादेवी, सावंतवाडी करत आंबोली घाटाला लागतात. मग सपाटीवर हरणासारखी पळणारी गाडी दुसऱ्या वळणाला धापा टाकू लागते. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, आवाज वाढतो, गाडी काही उचलत नाही. गॅरेजमध्ये नेली की तक्रार दोन्ही भाषांत एकच: "पिकअप नाही हो," किंवा "पिकअप इल्ल री."

याची कारणे अनेक. क्लच झिजलेला असतो, फिल्टर तुंबलेला असतो, प्लग खराब झालेले असतात. ही सगळ्यांना ठाऊक असलेली कारणे. पण एक कारण असे आहे, की ते बॉनेट उघडल्यावर डोळ्यांसमोर असूनही नजरेत भरत नाही. ते म्हणजे बोटाहून बारीक रबरी नळी आणि तिच्या आतली पोकळी. इंजिन हा माझ्या शिकवण्याचा विषय नाही. पण घाटातून वर्षातून दहादा ये-जा करणाऱ्या आपल्या घरांतून ही गोष्ट समजून घेतलेली असावी, असे मला वाटते.

इंजिनाचा श्वास

आपण म्हणतो, गाडी पेट्रोलवर चालते. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. म्हणजे गाडी पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते. कन्नडमध्ये हवेला 'गाळी' आणि श्वासाला 'उसिरु' म्हणतात. इंजिनालाही गाळी हवी आणि उसिरु मोकळा हवा.

एअर फिल्टरमधून आलेली हवा एका पेटीत जमते आणि तिथून प्रत्येक सिलिंडरला एकेक नळी जाते. या पेटीला आणि नळ्यांना मिळून इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. या नळ्या किती लांब असाव्यात, हा वरवर पाहता किरकोळ प्रश्न. पण पिकअपचे गुपित त्यातच आहे.

बासरीचे उदाहरण घ्या. लांब बासरी खर्जात बोलते, आखूड बासरी वरच्या सुरात. नळीतल्या हवेच्या लाटेला ये-जा करायला किती वेळ लागतो, यावर तो सूर ठरतो. इंजिनाच्या नळीतही तशीच लाट उठते. झडप उघडून पिस्टनने हवा ओढली की ओढीची एक लाट नळीतून मागे पेटीकडे धावते, तिथून उलटते आणि दाबाची लाट होऊन झडपेकडे परत येते. त्या वेळी झडप उघडी असेल तर ही लाट थोडी जास्तीची हवा आत ढकलून जाते. 'गाळी बंदाग तूरिको' ही कन्नड म्हण आपल्याकडे मराठी घरांतही ऐकू येते. वारा येतो तेव्हाच उफणून घ्यावे. इंजिन नेमके तेच करते.

आता थोडे गणित. नळी ७० सेंटिमीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन १.४ मीटर अंतर होते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे लाटेला परत यायला सेकंदाचा २५० वा भाग लागतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाच्या एका फेऱ्याचा हा पाचवा हिस्सा. इंजिन ६,००० फेऱ्यांवर गेले, की फेरा निम्म्या वेळात होतो. मग लाटेलाही निम्म्या वेळातच परतायला हवे, म्हणजे नळी ३५ सेंटिमीटर हवी.

थोडक्यात, कमी फेऱ्यांवर जोर हवा असेल तर लांब नळी आणि वेगात ताकद हवी असेल तर आखूड. एकाच गाडीला घाटही चढायचा असतो आणि महामार्गावर धावायचेही असते. म्हणून अभियंत्यांनी दोन्ही वाटा ठेवल्या आणि मध्ये एक पडदी बसवली. पडदी मिटली की हवा लांबच्या वाटेने जाते, उघडली की जवळच्या. हाच बदलता इनटेक मॅनिफोल्ड. टोयोटाच्या काही इंजिनांत ही योजना आहे. आपल्याकडे २००३ मध्ये आलेल्या शेवरोले ऑप्ट्राच्या १.६ लिटर इंजिनातही ती होती. त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले.

पोकळीचे बळ

ही पडदी हलवतो कोण? आजच्या काही गाड्यांत छोटी विजेची मोटर हे काम करते. पण अनेक इंजिनांत ते काम पोकळीकडे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'व्हॅक्यूम'कडे असते.

शाळेत आपण शिकलो, की आपल्यावर हवेचा दाब आहे आणि तो समुद्रकाठी ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या स्तंभाएवढा असतो. टॉरिचेलीने हा प्रयोग १६४३ च्या सुमारास केला. पेट्रोल गाडी नुसती उभी राहून चालू असते, तेव्हा हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा ४५० ते ५०० मिलिमीटरने कमी होतो. नारळाचे पाणी नळीने ओढताना गालात होते, तसेच हे.

मॅनिफोल्डपासून एक रबरी नळी निघून एका चपट्या डबीकडे जाते. डबीत रबराचा पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पडद्याच्या एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. पोकळी ओढते असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरची हवा ढकलते. पडदा सहा सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. दाबातला फरक वातावरणाच्या निम्मा धरला, तरी त्यावर सुमारे १४ किलोचा भार येतो. आमटीच्या वाटीएवढ्या डबीला एवढे बळ, तेही फुकट! पडद्याला जोडलेली दांडी सरकते आणि पडदी फिरते. पोकळी सोडली की आतली स्प्रिंग तिला जागेवर आणते. कधी ओढायचे आणि कधी सोडायचे, हे गाडीचा संगणक सोलेनॉइड नावाच्या विजेच्या झडपेमार्फत ठरवतो.

यात एक अडचण आहे. घाट चढताना आपण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो. थ्रॉटल सताड उघडतो, हवा मोकळी आत येते आणि पोकळी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे पडदी धरून ठेवायची नेमकी गरज असते, तेव्हाच बळ संपलेले. त्यावर उपाय आपल्या आजीचाच आहे. पाणी येते तेव्हा हंडा भरून ठेवावा. म्हणून प्लॅस्टिकची एक छोटी टाकी असते. तिच्या तोंडाशी एकाच बाजूने हवा सोडणारी झडप असते. इंजिन शांत असताना टाकीत पोकळी साठते आणि चढावर ती कामी येते.

नळी फुटली की

ही सगळी साखळी तुटते ती बहुधा सगळ्यांत स्वस्त जागी. इंजिनाच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने रबर कडक होऊन तडकते. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरून नळ्या कुरतडतात. टाकीच्या तोंडाची झडप गळू लागते. मग चढावर पोकळी टिकत नाही. कमी फेऱ्यांवर पडदी पोकळीने मिटून ठेवणाऱ्या इंजिनांत अशा वेळी पडदी उघडी राहते, हवा आखूड वाटेने जाते आणि नेमका घाटातला जोर हरवतो. काही इंजिनांत रचना उलटी असते. तिथे घाटात काही कळत नाही, महामार्गावर मात्र गाडी वेग घेत नाही.

दुसरे नुकसान लपून होते. फुटक्या नळीतून शिरणारी हवा फिल्टरमधून आलेली नसते. डिचोली आणि साखळीच्या खाणपट्ट्यात लाल धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. शिवाय या हवेचा हिशेब संगणकाकडे नसतो. मिश्रण बिघडते, उभी गाडी थरथरते, बॉनेटखाली बारीक 'स्स्स' ऐकू येते.

म्हणून महागडे सुटे भाग बदलण्याआधी मेकॅनिकला तीन गोष्टी पाहायला सांगाव्यात. इंजिनाचे फेरे वाढवल्यावर डबीची दांडी हलते का? हातपंपाने पोकळी दिली तर डबी ती धरून ठेवते का? टाकीच्या तोंडाची झडप सोडवून फुंकल्यास हवा एकाच बाजूने जाते का? एवढ्याला फार वेळ लागत नाही.

इथे उंचीचा हिशेबही लक्षात ठेवावा. व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजचा काटा दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच खाली येतो. पेडण्यात जी गाडी २० इंच दाखवते, ती बेळगावात साडेसतराच्या आसपास दाखवेल. तो दोष नव्हे. बेळगावची हवाच सुमारे ८ टक्के विरळ आहे.

उताराचा धडा

आता सर्वांत महत्त्वाचे. हीच पोकळी आपल्या ब्रेकलाही बळ देते. पेडल आणि ब्रेक यांच्यामध्ये मोठ्या थाळीसारखा बूस्टर असतो आणि तोही डायफ्रॅमवरच चालतो. डिझेल गाडीत सहसा अशी पोकळी मॅनिफोल्डमध्ये तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. इंजिन थांबले की तोही थांबतो.

पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजूनही दिसतात. इंजिन बंद असताना बूस्टरमध्ये उरलेली पोकळी दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. चोर्ल्याची वळणे दोन-तीन नाहीत.

याउलट दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून पेट्रोल गाडी उतरू द्या. फेरे जास्त, थ्रॉटल बंद, अशा वेळी पोकळी सर्वांत जास्त असते. इंजिन गाडीला आवरतेही आणि ब्रेकला भरपूर बळही पुरवते. जुने चालक 'ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा' असे सांगत आले, त्यामागचे एक कारण हेही आहे.

जत्रेला निघण्याआधी आपण टायरची हवा, कूलंट, इंजिन ऑइल पाहतो. त्या यादीत व्हॅक्यूमच्या नळ्या लिहून ठेवाव्यात. इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल चार-पाचदा दाबून कडक करावे आणि पाय त्यावर ठेवूनच गाडी सुरू करावी. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टरला पोकळी मिळते आहे असे समजावे. कडकच राहिले, तर घाट उतरायचा विचार सोडून आधी गॅरेज गाठावे.