ब्लेडने चिरलेलं सोनं आणि टेंभलीचा पहिला आकडा

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो दिल्लीत नाही, मुंबईत नाही, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत! २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी शहादा तालुक्यातल्या या आदिवासी गावात आले होते.

हा आकडा शक्य झाला तो अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेमुळे. १६ डिसेंबर १९४७ रोजी वॉल्टर ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाला ब्लेडने चिरला आणि ते टोक स्प्रिंगने जर्मेनियमवर दाबलं. चीर जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. एका बाजूने आत गेलेला क्षीण संकेत दुसऱ्या बाजूने मोठा होऊन बाहेर आला. झाला पहिला ट्रान्झिस्टर! ब्रॅटन, जॉन बार्डीन आणि विल्यम शॉकली यांना १९५६चं नोबेल मिळालं. बार्डीन यांना १९७२मध्ये पुन्हा एकदा. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळवणारे ते एकटेच.

ट्रान्झिस्टरआधी संकेत मोठा करण्याचं काम काचेचे व्हॉल्व्ह करत. ते तापल्याशिवाय रेडिओ बोलत नसे. ट्रान्झिस्टरला तापायची गरज नाही आणि वीजही अगदी थोडी लागते, म्हणून रेडिओ सेलवर चालू लागला आणि जिथे विजेचा खांब नव्हता तिथेही बातम्या पोचल्या. माझ्या मते ट्रान्झिस्टरने खेड्यावर केलेला सगळ्यात मोठा उपकार हाच.

१९५४च्या रिजन्सी टीआर-१ या खिशातल्या रेडिओत ट्रान्झिस्टर होते फक्त चार. आज चांगल्या मोबाइलच्या एका चिपमध्ये हजार कोटींहून जास्त असतात.

त्याच १९५४ साली, त्याच बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखवला. सातपुड्यात छपरावर दिसणारं सोलर पॅनल म्हणजे ट्रान्झिस्टरचं सख्खं भावंड.

आता पुन्हा टेंभली. आधारसाठी दहा बोटं, दोन डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा टिपतात. नवा माणूस आला की ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक त्याचे ठसे आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहतात. एप्रिल २०१६मध्ये आधारधारक शंभर कोटींवर गेले. माणसाने सेकंदाला एक नोंद तपासली असती, तर एका अर्जाला ३१ वर्षांहून जास्त लागली असती!

बारा आकड्यांतला शेवटचा आकडा पहारेकरी असतो. डच गणिती याकोबुस व्हर्हूफ यांच्या १९६९च्या रीतीने तो काढतात. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगवेगळे आकडे उलटसुलट झाले, की चूक लगेच पकडली जाते. आणि आधार क्रमांक शून्याने किंवा एकने कधीच सुरू होत नाही.

रेशन दुकानातलं ठसे तपासणारं यंत्र अडतं ते बोटांपाशी. मिरची तोडून, दगड उचलून, मजुरी करून बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसा उमटत नाही. ठशाऐवजी मोबाइलवर ओटीपी मागवावा, तर नंदुरबारमधल्याच धडगाव-मोलगीच्या डोंगरात रेंज शोधावी लागते. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचं रेशन रोखू नये, असं केंद्र सरकारने २०१७मध्ये राज्यांना लेखी कळवलेलं आहे. हा आदेश प्रत्येक रेशन दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लागायला हवा, मराठीत आणि भिलीतही.