विश्लेषण : ठासणीच्या बंदुकीचा बार पावसाळ्यात फुसका का जातो?

भात पोटरीला आले की रायगडच्या किनारपट्टीत रानडुकरांचा उपद्रव वाढतो. शेतीसंरक्षणासाठी कोकणात आजही परवान्याची ठासणीची बंदूक वापरली जाते. पण ऐन वेळी केप नुसतीच वाजते आणि बार उडत नाही. दारू खराब निघाली, असे म्हटले जाते. दोष मात्र अनेकदा केप आणि दारू यांच्यामधल्या बारीक वाटेत असतो.

ठिणगी दारूपर्यंत कशी पोहोचते?

जंजिऱ्यावरील तोफांच्या काळात तोफेच्या ‘काना’त रंजक भरून बत्ती दिली जाई. पावसात रंजक भिजली की तोफ मुकी. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे तांब्याची केप आली. चाप ओढला की घोडा निपलवरील केपवर आदळतो आणि तिची ज्वाळा निपलच्या छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत जाते. अमेरिकेत १९८५ नंतर रुळलेल्या ‘इनलाइन’ रायफलींमध्ये केप थेट दारूच्या मागे, सरळ रेषेत असते. तरीही छिद्र साफ असण्याची अट सुटलेली नाही.

खाऱ्या हवेत बिघाड का वाढतो?

सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू पूर्ण जळून जात नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्षारांच्या रूपाने मागे उरतो. हे क्षार हवेतील ओलावा ओढतात. किनाऱ्यावरील दमट, खारी हवा त्यात भर घालते. नळीला गंज चढतो, छिद्रात काळा चिखल साचतो.

दोष कसा ओळखावा?

केप वाजलीच नाही, तर ती ओली आहे, निपलवर नीट बसलेली नाही किंवा घोड्याची कमान सैल झाली आहे. केप वाजली पण बार उडाला नाही, तर छिद्र बुजले आहे, त्यात तेल उतरले आहे किंवा दारू दमट आहे. सर्वात धोकादायक प्रकार म्हणजे बार मागाहून उडणे. म्हणून बार न उडाल्यास नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. नळीत डोकावणे जिवावर बेतू शकते. भरलेली ठासणी कोरडी असताना उकरू नये. निपलच्या बाजूने पाणी सोडून दारू भिजवणे आणि मग ठासणी काढणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे.

निगा कशी राखावी?

आधी गज नळीत सोडून बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, याची खूण गजावर करून ठेवल्यास हे सोपे जाते. बार काढल्यावर त्याच दिवशी निपल काढून गरम साबणपाण्याने नळी धुवावी. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही; नुसते तेल चोपडल्यास गंज आतून वाढतच राहतो. नळी पूर्ण कोरडी झाल्यावर तेलाचा पातळ हात द्यावा आणि पुन्हा भरण्यापूर्वी तो पुसून काढावा. चेपलेला किंवा फाकलेला निपल बदलावा. केपा आणि दारू घट्ट झाकणाच्या वेगवेगळ्या डब्यांत, चुलीपासून आणि मुलांपासून दूर ठेवावी.

कायदा काय सांगतो?

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याविना करता येत नाही. त्यामुळे कमान किंवा निपल गावच्या लोहाराकडून बसवून घेणे महागात पडू शकते. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकराला मारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार वेगळी परवानगी लागते. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आल्यास ती रिकामी, धुऊन आणि तेल लावूनच द्यावी. न धुता ठेवलेली बंदूक परत येते, तेव्हा निपल गंजून जागीच घट्ट बसलेला असतो.